पिळाची साडी

फार पूर्वी, घरोघरी माग होते तेव्हा, एका गावात एक विणकरीण आणि तिची एकुलती एक लेक राहत होत्या. विणकरीण क्रेपचे कापड विणायची. धाग्याला ती इतका पीळ द्यायची, की कापड पाण्यात पडले की आकसायचे आणि त्यावर बारीक, खरखरीत दाणा उठायचा.

लेकीच्या लग्नात आईने स्वतः विणलेली क्रेपची साडी दिली.

"आई, ही चुरगळल्यासारखी दिसते गं," लेक म्हणाली.

"चुरगळलेली नाही बाळे, पिळाची आहे. नेसलीस की अंगावरून कशी सुरेख पडते बघ. दिवसभर राबलीस तरी हिची रया जाणार नाही."

सासरी जाऊबाई हसल्या. "माहेरी इस्त्री नव्हती वाटतं?"

लोकांचे काय, उचलली जीभ लावली टाळ्याला! पण लेकीच्या मनाला ते लागले. तिने साडी भिजवली, दोन खुंट्यांना ओढून ताणली आणि वरून तापलेली इस्त्री फिरवली. प्रत्येक धुण्याला हेच. शेवटी धाग्यांचा पीळ मोडला आणि साडी गुळगुळीत झाली.

"आता कशी माणसात आली!" जाऊबाई म्हणाल्या. लेक खूश झाली. वेडीच ती.

काही वर्षांनी माहेरहून निरोप आला. आई अंथरुणाला खिळली आहे, तिला दिसत नाही, ऐकूही येत नाही, लवकर ये. आईला बरे वाटावे म्हणून लेक तीच साडी नेसून धावत निघाली.

"आई, मी आले!"

आईला ते ऐकू गेले नाही. तिने चाचपडत हात पुढे केला. हाताला पदर लागला. तिने तो दोन बोटांत धरून चोळला आणि सोडून दिला.

"कोण, शेजारीण का गं? बस हो. माझी लेक निघाली असेल. ती आली की मला हलवून उठव. तिचा पदर मला लगेच कळेल."

लेकीने घाईघाईने आईचा हात उचलून आपल्या तोंडावर ठेवला. पण तोवर त्या हातात जीव राहिला नव्हता. लेक उशाशी बसलेली असताना आई लेकीची वाट पाहत गेली.

तात्पर्य: लोक हसतात ते घटकाभर. त्यांच्यासाठी आपल्या माणसाने दिलेली ओळख मोडू नये. एकदा मोडली की ती रडून परत येत नाही.