येसू कासारणीच्या इमानी बांगड्या

"बाईच्या मनात परपुरुषाचा नुसता विचार आला, तरी हातातली बांगडी आपोआप फुटली पाहिजे! अशा बांगड्या घडव. आधी राणीसाहेबांना भरायच्या, मग गावातल्या एकेकाच्या बायकोला!" राजा रणधवलाने नारबा कासाराला फर्मावलं.

नारबा चाचरत म्हणाला, "महाराज, काचेला मनातलं कसं कळणार?"

झालं! एवढ्यावरून बिचारा कोठडीत गेला. त्याच्या बायकोला, येसूला, निरोप आला, चार दिवसांत बांगड्या आण, नाहीतर नवऱ्याचं मुंडकं विसर.

आता हे राजेसाहेब कसे? तर रोज दिवेलागणीला पालखी कलावंतिणीच्या माडीकडे! मागोमाग दिवाणजींची, त्यामागे सेनापतींची. आणि संशय कुणावर? घरी बसलेल्या बायकांवर! येसूला हे पाठ होतं. बांगड्या भरताना बायका काय काय बोलून जातात, ते कासारणीलाच ठाऊक.

तीन दिवस येसू नुसती रडली. वीस वर्षांचा संसार होता आणि नारबावर तिचा भारी जीव. चौथ्या दिवशी तिने डोळे पुसले, दुकानातल्या हिरव्या बांगड्यांची टोपली उचलली आणि थेट दरबार गाठला.

"आणल्यास?" राजाने विचारलं.

"आणल्या, महाराज. इमान सुटलं की तडकन वाढतात!" बांगडी फुटली असं कासारीण कशाला म्हणेल? "राणीसाहेब, हात द्या."

राणीने हात पुढे केला. येसूने बांगडी बोटांपाशी धरली आणि सहज विचारलं, "महाराज, बाई बांगड्या भरते त्या कुणाच्या नावाने?"

"नवऱ्याच्या! हे काय विचारणं झालं?"

"आणि नवरा गेला, तर बांगड्या कुणाच्या फोडतात?"

"बायकोच्या!"

"तेच म्हणते मी. बांगडी बायकोच्या हातात, पण तिचं सगळं लक्ष नवऱ्याकडे! म्हणून नवऱ्याचं इमान सुटलं की ही वाढते. काचेला पिढ्यान्‌पिढ्या हेच वळण लागलंय, त्याला मी काय करू? भरू का?"



"थांब!" राजा ताडकन उठला. "आज... आज दिवस बरा नाही!"

"मग दिवाणजींच्या बाईसाहेबांना भरते."

"नको नको! तिच्या मनगटाला सूज आहे!" दिवाणजी घाम पुसत म्हणाले.

"सेनापतींच्या?"

"ती माहेरी गेलीय!" सेनापती ओरडले.

"अहो, मी इथंच बसलेय की!" बायका बसल्या होत्या त्या चिकाच्या पडद्याआडून आवाज आला.

राणीचा हात अजून तसाच पुढे होता. "भर गं येसू," ती म्हणाली. "माझी काही हरकत नाही. महाराजांची का असावी?"

राजाने राणीकडे पाहिलं, टोपलीकडे पाहिलं, मग चेहरा पडलेल्या सेनापतींकडे पाहिलं आणि एकदम खो खो हसत सुटला. "हरलो बाई, हरलो! हुकूम रद्द! नारबाला आत्ताच्या आत्ता सोडा, आणि हिला सोन्याच्या पाटल्या द्या. आणखी काय हवं, येसू?"

"टोपलीभर माल आणलाय, महाराज. तेवढा इथंच खपू द्या."

"ह्या बांगड्या? घेणार कोण?"

चिकाचा पडदा सरकला. पहिला हात सेनापतींच्या बायकोचा आला, मग दिवाणजींच्या बायकोचा, मग तर नुसती झुंबड उडाली. राणीने दोन्ही हात भरून घेतले.

त्या दिवशी दिवेलागण झाली, तरी कलावंतिणीच्या माडीखाली एकही पालखी आली नाही.