चिमाबाईंचे दोन ठिपके

राजवाड्याच्या फरसबंद अंगणात दरवर्षी रांगोळी चिमाबाईच काढत. यंदा नवे राजगणिती धुंडिराजशास्त्री आडवे आले. त्यांच्या मुंजीची रांगोळीही चिमाबाईंनीच काढलेली!

"आधी गणितातली रेषा काढून दाखवा! डाव्या भिंतीलगत, खालच्या कडेपासून तीन फरश्या वर पहिला ठिपका. पुढे दर फरशी उजवीकडे गेलं की दोन फरश्या वर. जो आधी काढेल, त्याचं अंगण!"

शास्त्रीबुवा फरशीफरशीवर ठिपके मांडू लागले. चिमाबाईंनी पहिला ठिपका ठेवला, दुसरा तिथून थेट पाच फरश्या उजवीकडे नि दहा वर. दोन्हींवरून गेरूत भिजवलेलं सूत ताणून झटकलं. रेषा उमटली.

"मधले ठिपके कुठायत?" बुवा गरजले.

"रेषेवरच आहेत, धुंडू. तुझा एखादा बाहेर राहिलाय का, बघ बरं."

बुवांनी वाकून पाहिलं. मग रांगोळीचा डबा उचलून चिमाबाईंच्या हातात दिला.