चंडोलाचा खोकला

"…पण गुरुजी, बाटलेलं तोंड पुन्हा शुद्ध होतं की नाही, तेवढंच सांगा!"

यूलिन घामाघूम झाला होता. हातात पिंजरा, त्यावर घाईघाईनं ओढलेलं कापड.

बीजिंगच्या भल्यामोठ्या वनस्पतिबागेत पीचची झाडं फुलांनी नुसती लगडली होती. ती बघायला सगळं शहर लोटलं होतं. यूलिनला त्यातलं काही दिसत नव्हतं.

बांबूच्या बनात, दगडी बाकावर ल्याओ गुरुजी बसले होते. रोज सकाळी बागेत पिंजरे टांगून बसणाऱ्या निम्म्या मंडळींना चंडोल कसा शिकवायचा, ते त्यांनीच शिकवलेलं.

हे चंडोलाचं प्रकरण मोठं सोवळं बरं का! पक्ष्यानं ठरलेले आवाज ठरलेल्या क्रमानंच काढायचे. चिमणी, मग कोंबडी, मग घार, शेवटी मांजर. मध्येच भलता आवाज उचलला, की तो बाटला. इतरांचे पक्षी बिघडू नयेत म्हणून मालकानं पिंजरा झाकायचा आणि मुकाट्यानं चालतं व्हायचं.

आणि यूलिनचा तोरा तर काय विचारता! आपल्यासारखा पक्षी अख्ख्या बागेत नाही, हे तो भेटेल त्याला ऐकवायचा.

आज सगळ्यांसमोर त्याचा चंडोल सुरेख गायला. मांजरही झालं. मंडळी माना डोलवायला लागली, तेवढ्यात पक्षी खोकला.

खों, खों, खों… वर घसाही खाकरला.

हसून हसून मंडळींची पुरेवाट झाली.

"कुणाचा खोकला?" गुरुजींनी विचारलं.

"बाबांचा, आणखी कुणाचा! रोज पिंजऱ्याला चिकटून बसतात. मघाशी बजावलं, उद्यापासून बागेत यायचं नाही. बसमध्ये बसवून दिलं."

"काय म्हणाले?"

"काही नाही…" यूलिनचा आवाज जरा खाली आला. "पीचचा बहर कधी सरला तेवढं सांग, म्हणाले."



गुरुजींच्या शेजारी त्यांचा पिंजरा होता. निळ्या कापडानं कायम झाकलेला. हा पक्षी इतका शुद्ध आहे, की गुरुजी त्याच्यावर कुणाची सावली पडू देत नाहीत, असं सगळे म्हणायचे. यूलिनसुद्धा.

गुरुजींनी कापड वर केलं.

चंडोल गायला लागला. चिमणी. कोंबडी. घार. यूलिन श्वास रोखून ऐकत राहिला. अहाहा, काय गळा!

मग पक्ष्यानं बाग बंद करणाऱ्या पहारेकऱ्याची शिट्टी मारली.

यूलिन दचकला.

मग काचघराचं दार करकरलं. आणि मग… टण, टण, टण. पत्र्याच्या डब्यावर चमचा वाजावा तसं.

"आलो, आलो," म्हणत गुरुजी अर्धे उठले. आणि पुन्हा खाली बसले.

तो आवाज यूलिनच्या ओळखीचा होता. दुपार झाली की गुरुजींची बायको जेवण घेऊन यायची आणि पायवाटेच्या टोकापासूनच डबा वाजवायची. पक्ष्यांच्या नादात यांना हाका ऐकू येत नाहीत, अशी तिची तक्रार होती. ती जाऊन चार वर्षं झाली होती.

 यूलिननं पिंजऱ्याकडे बोट केलं.

"म्हणजे हाही…"

"बाटलेला," गुरुजी आनंदानं म्हणाले. "पार बाटलेला!"

यूलिनच्या हातातल्या झाकलेल्या पिंजऱ्यातून कुणीतरी खोकलं. खों, खों… या वेळी यूलिनला हसू फुटलं आणि डोळेही भरून आले.



"गुरुजी… उद्या बाबांना घेऊन येतो. पण मंडळी कटकट करतील. सगळ्यांचे पक्षी बिघडतील म्हणून ओरडतील. बाबांना बसवू कुठं?"

गुरुजी बाकावर थोडे सरकले. मोकळी झालेली जागा त्यांनी हातानं झटकली.

"इथं. माझ्या पिंजऱ्याला अगदी चिकटून," ते म्हणाले. "याला अजून खोकता येत नाही."