टाकीच्या झाकणावरचं कुंकू

एका बाजारगावात रंगनाथ आणि दिनकर नावाचे दोघे भाऊ राहत होते. दोरखंड, कासरे आणि बैलांच्या घुंगरमाळा विकायचं त्यांचं दुकान होतं. दोघं एकाच घरात राहत, एकाच गल्ल्यावर आळीपाळीने बसत. लोक म्हणत, भाऊ असावेत तर असे! लोकांचं काय जातंय म्हणायला?

वडील गेले आणि त्यांची जुनी फटफटी थोरल्या रंगनाथाकडे आली. तशी गाडी पंचक्रोशीत दुसरी नव्हती. रंगनाथ तिला पोटच्या पोरासारखं जपायचा. दसरा आला की तिला धुऊनपुसून अंगणात उभी करायचा, झेंडूचा हार घालायचा आणि पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावर तेलात कालवलेल्या कुंकवाने ठसठशीत स्वस्तिक काढायचा. ते कुंकू पुसायचं नाही असा त्याचा नेमच होता. पुढच्या दसऱ्याला त्याच्यावरच नवा थर चढायचा. दुसऱ्या कुणी त्या कुंकवाला बोट लावलेलंही रंगनाथाला खपत नसे.

एका वर्षी दसरा झाला आणि गाडीने छळायला सुरुवात केली. घरून निघताना झकास चालायची. ओढ्याच्या पुलाजवळ आली की आचके द्यायची आणि बंद पडायची. बराच वेळ उभी ठेवली की पुन्हा चालू! मेकॅनिकने प्लग बदलला, कार्बोरेटर साफ केला, पण फरक शून्य. तो म्हणाला, "इंजिनात काही बिघाड नाही." झालं! गाडीत बिघाड नाही, म्हणजे कुणाच्या तरी मनात आहे, असं रंगनाथाने ठरवून टाकलं. आणि संशय एकदा घरात शिरला की त्याला बसायला पाट कुणी मांडावा लागत नाही.

बाजाराच्या दिवशी भर चौकात गाडी बंद पडली. चारजण हसले. रंगनाथाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. समोर दिनकर गिऱ्हाइकाला कासरा मोजून देत होता. रंगनाथाने जाऊन त्याची गचांडीच धरली.

"टाकीत रॉकेल तूच ओततोस! बाबांची गाडी मला मिळाली, ते तुझ्या डोळ्यांत खुपतंय!"

 दिनकरचा चेहरा पांढराफटक पडला.  हातातला कासरा तसाच टाकून तो घरी गेला आणि बायकोला म्हणाला, "सामान बांध. उद्या तुझ्या माहेरी जाऊ. या घरात आता पाणी प्यायचं नाही."

रंगनाथाची बायको कुमुदिनी रडली, हातापाया पडली. रंगनाथ म्हणाला, "जाऊ दे त्याला! कर नाही त्याला डर कशाला?"

सकाळी दिनकर आणि त्याची बायको पायीच फाट्याकडे निघाले. एसटी तिथून सुटायची. कुमुदिनीने नवऱ्याला निक्षून सांगितलं, "मला फाट्यावर न्या. भावजींना मी थांबवते." रंगनाथ तोंड फुगवून का होईना, निघाला. आणि पुलाजवळ गाडीने पुन्हा आचके दिले.

"बघ आता! हुंगून बघ, रॉकेलचा वास येतो की नाही ते!" असं म्हणत त्याने टाकीचं झाकण फिरवलं. आणि काय सांगू, टाकीने सुस्स करून हवा आत ओढून घेतली! बुडालेला माणूस वर आल्यावर घेतो ना, तसा श्वास! दोघंही दचकले. कुमुदिनीने वाकून वास घेतला. चोख पेट्रोल होतं. रंगनाथाने किक मारली आणि गाडी पहिल्याच फटक्यात सुरू झाली.

 त्याने झाकण उलटंसुलटं करून पाहिलं. झाकणाला मधोमध हवेसाठी बारीक भोक असतं. पेट्रोल खाली उतरतं, तेवढी हवा त्यातून आत यावी लागते. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल धड बाहेर येत नाही, तसलाच हा प्रकार. झाकण उजेडाकडे धरलं तरी ते भोक दिसेना. कुमुदिनीने बांगडीतली सेफ्टी पिन काढून दिली. त्याने वरून टोचलं, उकरलं. त्याच्या तळहातावर लाल, तेलकट लगदा पडला.

"अगं बाई! अहो, हे तर आपलंच कुंकू!" कुमुदिनी किंचाळली.

रंगनाथ मटकन रस्त्याच्या कडेला बसला. ज्या हाताने पूजा केली, त्याच हाताने गाडीचा गळा दाबला होता! आणि आळ घेतला होता सख्ख्या भावावर. पण माणसाची जात बघा. तोंडातून पहिला शब्द काय निघावा?

"हे कुणाला सांगू नकोस. रॉकेलच होतं म्हणू."

 कुमुदिनी म्हणाली, "मग मीही भावजींच्याच एसटीत बसते."

रंगनाथाला घाम फुटला. तो उठला, झाकण लावलं आणि अशी गाडी पळवली की ती कुठे आचका द्यायचीही विसरली. फाट्यावर एसटी उभी होती. दिनकरचा एक पाय पायरीवर होता. बाजारातली निम्मी माणसं गाडीत बसलेली. रंगनाथाने सगळ्यांसमोर लाल झालेला हात वर केला आणि ओरडला, "दिनकर, चूक माझी आहे! टाकीच्या झाकणाचं भोक माझ्याच कुंकवाने बुजलं होतं! तू काही केलं नव्हतंस!"

 दिनकरने त्या हाताकडे पाहिलं, मग भावाच्या तोंडाकडे.

"दादा, भोक बुजलेलं कुणालाही कळलं नसतं. त्याचं मला काही नाही. पण मी असं करीन, हे तुला वाटलं तरी कसं?"

 रंगनाथ तसाच हात वर धरून उभा राहिला. कंडक्टरने घंटीची दोरी धरून ठेवली, पण ओढली नाही.

वहिनीचे डोळे पाहून दिनकर खाली उतरला. तिघांबरोबर घरी आला, दुकानातही बसायला लागला. रंगनाथाने त्याची शंभरदा माफी मागितली आणि त्यानेही "जाऊ दे दादा" म्हटलं. पण त्याच आठवड्यात त्याने माडीवर वेगळी चूल मांडली, आणि घरातल्या दोन चुली पुन्हा कधी एक झाल्या नाहीत.

तात्पर्य, हवं तर भिंतीवर लिहून ठेवा: दोष शोधायला निघालात तर आधी आपलाच हात उघडून बघा. आपल्या माणसावर घेतलेला आळ मागे घेता येतो, पण आपण तो घेऊ शकलो, हे त्याला विसरायला लावता येत नाही.