जोहार न करणारा बाण

बोरपाणीच्या झऱ्यावर एक काळा खडक आहे. माणूस हातातल्या वस्तूकडे बघत वाकावा, तसा पुढे वाकलेला. पाड्यावर लग्न असले की वरात आधी इथे थांबते. नवरदेवाच्या हातातला बाण नवरी आपल्या बोटावर मधोमध तोलते. टोक जमिनीकडे झुकले, तर बाणाने जोहार केला असे म्हणतात आणि ढोल पुन्हा वाजू लागतो. नाही झुकले, तर लोहार जड पाते बसवून देईपर्यंत सगळी वरात उन्हात उभी राहते. कुणी कुरकुर करत नाही. पाहुण्यांनी कारण विचारले, की म्हातारे जामसिंगबाबा खडकाकडे पाठ करून बसतात आणि सांगू लागतात.

फार पूर्वी पाड्यावर दित्या नावाचा तिरंदाज होता म्हणे. दसऱ्याच्या पैजेत त्याचा बाण थेट दरीपार गेला. त्यासाठी त्याने बरूची सर्वांत बारीक काडी निवडली होती आणि पाते घासून घासून पानासारखे पातळ केले होते. लोकांनी त्याला खांद्यावर घेऊन नाचवले.

त्यानंतर एक रानडुक्कर ज्वारीत येऊ लागले. त्याने शेजारच्या माणसाची मांडी फाडली, तेव्हा दित्या तोच बाण घेऊन निघाला. त्याची बायको रेहमी हिने दारातच बाण मागून घेतला आणि बोटावर ठेवला. तो आडवाच राहिला.

"हा जोहार करत नाही," ती म्हणाली. "सासऱ्यांचा जड बाण घे."

"तो म्हाताऱ्यासारखा धापा टाकत जातो. त्याला डुकराच्या तोंडाशी जाऊन सोडावं लागतं. हा वाऱ्यावर बसून जातो."

"वाऱ्याला मारायचंय, का डुकराला?"

दित्या हसला. "तू चूल पेटवून ठेव. शिकार घेऊनच येतो."

बाण लांबून सुटला आणि नेमका खांद्यामागे लागला. पण डुकराच्या अंगावरचा चिखल वाळून दगड झाला होता. पाते जेमतेम शिरले, हाडावर दुमडले, आणि जनावर झाडीत घुसले.

दित्या माग काढत निघाला. एका पानावर रक्ताचा थेंब, बऱ्याच अंतरावर दुसरा. खोल लागले असते तर माग एवढा लांबला नसता. वाट हळूहळू ओळखीची होऊ लागली. मोहाचे झाड आले, मग पाड्याकडचा उतार. जखमी जनावर पाण्याकडे जाते, हे त्याला ठाऊक होते. चूल पेटवण्याआधी बाई पाणी आणायला जाते, हे त्याला तिथे आठवले. तो धावत सुटला.

झऱ्यावर मडके फुटले होते. रेहमी त्या खापरांजवळच पडली होती. दुमडलेल्या पात्याचा बाण चिखलात गळून पडला होता. डुक्कर पुढे निघून गेले होते.

तिला माती दिल्यावर दित्या झऱ्यावर आला आणि तो बाण बोटावर ठेवून उभा राहिला. बाप बोलवायला आला.

"घरी चल, पोरा."

"हा जोहार करू दे, मग येतो."

बाण झुकला नाही. दित्याच झुकत गेला, असे सांगतात. पाऊस आला, पाठीवर शेवाळ धरले, आणि पुढे लोकांनी हाक मारणेही सोडले.

आता शिकार बंद होऊन जमाना झाला. आजही झऱ्यावर येणारी बाई मडके भरण्याआधी पहिली ओंजळ खडकावर टाकते. "पुरे झालं रे, सरळ हो," म्हणते, आणि उत्तराची वाट न बघता पाणी भरू लागते.