देस्पोमावशीची बरणी

फार फार वर्षं झाली त्याला. ग्रीस देशातल्या उंच डोंगरांत आनोपेत्रा नावाचं गाव होतं, आजही आहे. घरं दगडाची, छपरं दगडी चिपांची, अंगणातली बाकंही दगडाचीच. तिथल्या माणसांची डोकीसुद्धा दगडाचीच, असं खालच्या गावचे लोक म्हणत आणि त्यात थोडं तथ्य असावं.

या गावात देस्पो नावाची म्हातारी राहायची. सगळं गाव तिला मावशी म्हणायचं. तिची एकुलती एक लेक, लांब्रिनी, दरीपलीकडच्या गावात दिलेली होती. मावशीच्या अंगणातून लेकीच्या चुलीचा धूर दिसे, पण मधल्या नदीला कुठे उतार नव्हता. डोंगराला वळसा घालून जायचं तर तरण्याताठ्यांचे गुडघे कुरकुरत, तिथे मावशीची काय कथा! लेकीला मुलगी झाली, ती मावशीने दरीच्या काठावरूनच पाहिली, दुपट्यातलं एक गाठोडं. नात एकदा मांडीवर घ्यायची, एवढीच तिची आस होती.

एका उन्हाळ्यात झीसिस नावाचा गवंडी गावात आला. त्याच्या पुलाखालून पूरसुद्धा मान खाली घालून जायचा, असं म्हणतात. गावकऱ्यांनी मोठ्या आशेने त्याला दरी दाखवली. त्याने काठावरची माती चिमटीत चुरली. इकडचा काठ ठिसूळ आहे, पूल टिकायचा नाही, सकाळी निघतो, असं सांगून मोकळा झाला.

पण आनोपेत्राची एक रीत होती. पाहुणा आला की बशीत मुरांबा आणि पेलाभर गार पाणी द्यायचं. पुढ्यातला मुरांबा संपवल्याशिवाय पाहुण्याने गाव सोडायचं नाही, सोडलं तर त्या घराचा अपमान. म्हणून तर शहाण्या बायका चमचाभरच वाढत. देस्पोमावशीने कोवळ्या अक्रोडांच्या मुरांब्याची अख्खी बरणी त्याच्यापुढे आणून ठेवली.

झीसिसने बरणीकडे पाहिलं, मग मावशीकडे.

"सावकाश खा, बाबा," मावशी म्हणाली.

तो बिचारा खात राहिला. दुसऱ्या दिवशी बरणी पुन्हा काठोकाठ. तिसऱ्या दिवशीही तेच. ती बरणी आपोआप भरायची, असं म्हणतात. त्या दिवसांत शेजारणींच्या बरण्या भराभर रिकाम्या होत होत्या, असंही म्हणतात. पण चमत्काराच्या गोष्टीत असल्या चौकशा करू नयेत.

खाऊन खाऊन झीसिसचं तोंड बधिर झालं. गोड जिरवायला तो मावशीच्या अंगणात येरझारा घालू लागला. रोज संध्याकाळी मावशी काठावर जाऊन लाल ओढणी हलवायची आणि पलीकडून एक इवलासा हात हलायचा. ते पाहून एके संध्याकाळी त्याला राहवलं नाही. त्याने पहार घेतली आणि काठ ठोकत ठोकत निघाला. सगळीकडे माती भुसभुशीत. शेवटी मावशीच्या उंबऱ्याशी पहार खणकन वाजली.

तो तिथेच मान खाली घालून उभा राहिला.

"मावशी, खडक आहे. पण तो तुझ्या घराखाली आहे."

मावशीने घराकडे एकदा पाहिलं. याच घरात ती नवरी होऊन आली होती, इथेच लांब्रिनी रांगली होती. तिचे डोळे भरले, ते तिने पदराने पुसले.

"मग पाड," ती म्हणाली. "लांबून दगड आणायचेही कष्ट वाचतील."

घर उतरलं आणि त्याच दगडांचा पूल चढत गेला. कमानीचा शेवटचा दगड बसला त्या दिवशी झीसिसचा चमचा बरणीच्या तळाला लागला, असं म्हणतात. आणि पुलावरून सगळ्यांत आधी एक छोटी पोर धावत आली, ती थेट मावशीच्या मांडीत.

आजही आनोपेत्राला जाणाऱ्या पाहुण्याला पुलाच्या तोंडाशीच अक्रोडाचा मुरांबा मिळतो, चमचाभरच. त्या पुलाला कुणी पूल म्हणत नाही, देस्पोचं घर म्हणतात. पलीकडे दिलेल्या लेकी सणाला येतात, तेव्हा पुलावर पहिलं पाऊल टाकण्याआधी वहाणा काढून हातात घेतात. गाव अजून दरीपलीकडे असतं, पण त्या म्हणतात, पोचलो माहेरी.