मंत्र न येणारे गुरुजी

भरतीच्या वेळी समुद्र ज्याच्या उंबऱ्यापर्यंत येई आणि मुकाट्याने परत जाई, असे एक गाव होते. गावाभोवती मिठागरेच मिठागरे. दुपारच्या उन्हात ती अशी पांढरी लखलखत, की लांबून पाहणाऱ्याला वाटे, ढगच खाली उतरून वाळत पडले आहेत.

त्या गावच्या शाळेत एक नवे गुरुजी आले. स्वभावाने फार भिडस्त. कशात काय मिसळले की काय होते, हे मुलांना शिकवायची त्यांना भारी हौस. पण ते फळ्याकडे वळले की मुले खिडकीबाहेरचे बगळे बघत बसत.

एके दिवशी गुरुजींनी हळदीत रंगवलेला रुमाल आणला. ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटत तो चुन्याच्या निवळीत बुडवला. पिवळा रुमाल कुंकवासारखा लाल झाला. त्यावर लिंबू पिळले, तर पुन्हा पिवळा. मुले श्वास रोखून बघत राहिली. भांड्यात काय आहे, हे मात्र गुरुजींनी सांगितले नाही. सांगितले तर मुले पुन्हा बगळ्यांकडे वळतील, अशी त्यांना धास्ती वाटली. तेव्हापासून शाळा गच्च भरू लागली आणि गुरुजींच्या मंत्राची गोष्ट घरोघर पोचली.

पुढे एका उधाणात खाडीचे पाणी गावच्या विहिरीत शिरले. विहीर खारट झाली. बाया पाण्यासाठी खाडीपलीकडे जाऊ लागल्या. शाळेत चांगुणा नावाची मुलगी होती. तिची आई सकाळी पाण्याला जाई, दुपारी पुन्हा जाई, आणि रात्री बोलता बोलताच झोपी जाई. चांगुणाच्या मनात आईला सांगायचे कितीतरी साठले होते. शेवटी तिने गुरुजींना विहिरीवर बोलावले. मागोमाग सारा गाव आला.

चांगुणा म्हणाली, "गुरुजी, रुमालावर घातलात तसा पाण्यावर मंत्र घाला. विहीर गोड करा."

मंत्राला अमावास्या लागते, तोवर थांबा, असे गुरुजींनी म्हटले असते, तरी लोकांनी मान डोलावली असती. तसे शब्द गुरुजींच्या ओठांवर आलेही. पण चांगुणा रिकामी कळशी घेऊन आली होती. ती पाहून त्यांनी ते शब्द गिळले.

"बाळ, मला मंत्र येत नाही," ते म्हणाले. "रुमाल चुन्याच्या निवळीने लाल होतो. कुणीही बुडवला तरी होतो."

मिठागरातला एक म्हातारा हसला. "मग इतके दिवस ओठ कशाला हलवत होता, गुरुजी?"

"मुलांनी माझ्याकडे बघावं म्हणून."

लोक पांगले. दुसऱ्या दिवशी शाळेत एकटी चांगुणाच आली, तीही रुसून. गुरुजींनी हळद, निवळी, लिंबू सगळे तिच्यापुढे ठेवले आणि स्वतः बाजूला बसले. तिने रुमाल लाल केला, पिवळा केला, पुन्हा लाल केला. हळूहळू रुसवा गेला. मग तिने विचारले, पाण्यातले मीठ काढायलाही असे काही असेल का? गुरुजींनी उलट तिलाच विचारले, मिठागरातले पाणी कुठे जाते?

"ऊन नेतं."

"आणि मीठ?"

"ते राहतं मागे. म्हणून तर आम्ही ते गोळा करतो."

बोलता बोलता ती थांबली. खिडकीबाहेर पाण्यावर ऊन हलत होते. तिच्या गावाने पिढ्यान् पिढ्या मीठ गोळा केले होते. निघून जाणाऱ्या पाण्याकडे कुणी पाहिलेच नव्हते.

"गुरुजी, जाणारं पाणीच धरलं तर?"

तिने विहिरीचे पाणी चुलीवर ठेवले. ते उकळू लागल्यावर वाफेवर थंड थाळी तिरकी धरली. वाफ थाळीला लागली, दवासारखी जमली आणि थेंब थेंब वाटीत उतरू लागली. चांगुणाने वाटी ओठांना लावली. पाणी गोड होते.

मग ती घरोघरी जाऊन थाळी धरायला शिकवत फिरली. त्यात कसला मंत्र नव्हता, म्हणून ते सगळ्यांना जमले. विहीर काही गोड झाली नाही. पण चुलीवरच्या थेंबांनी दुपारची खेप वाचू लागली. आता दुपारी आई सावलीत पाय पसरून बसे, आणि चांगुणा बोलत राही, बोलत राही.

या गोष्टीचे तात्पर्य एवढेच: मुलांचे डोळे दिपवणे सोपे असते; पण ज्ञान त्यांच्या हाती दिले, तरच ते त्यांच्या उपयोगी पडते.